तंजावरची मराठी ठेव

नाशिकच्या इंदिरानगरात इडली-सांबार खाताना कुणी ना कुणी हमखास सांगतं, ‘अहो, सांबार मूळचं आपलंच!’ कथा अशी की, तंजावरच्या राजवाड्यात आमटीला कोकम मिळेना म्हणून चिंच घातली, आणि पाहुणे आलेल्या संभाजीराजांचं नाव त्या आमटीला पडलं. कथा गोड आहे, पण समकालीन कागदाचा आधार तिला नाही. आणि चिंच वापरायला तमिळ गृहिणीला मराठ्यांनी शिकवलं, असं मानण्याचंही कारण नाही. तेव्हा ही बढाई बाजूला ठेवू आणि तंजावरात मराठी माणसानं खरोखर काय केलं, ते पाहू.

शिवाजीमहाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी 1675-76 च्या सुमारास तंजावर घेतलं. 1799 मध्ये कारभार इंग्रजांच्या हाती गेला आणि 1855 मध्ये गादीच संपली. या पावणेदोनशे वर्षांत मुलुख तमिळ, दरबारात तेलुगू आणि संस्कृताचा मान, आणि राजाची घरची बोली मराठी, असा संसार चालला.

आधी वास्तू पाहा. बृहदीश्वराचं देऊळ राजराज चोळानं बांधलं. ते 1010 मध्ये पुरं झालं. त्याचं शिखर सुमारे 200 फूट उंच आहे. राजवाडा नायक राजांनी आरंभला, मराठ्यांनी वाढवला. पण बृहदीश्वराच्या आवारात भिंतीवर 1803 मध्ये भोसले वंशाचा इतिहास कोरला गेला, तो मराठीत. तमिळ शिलालेखांनी भरलेल्या देवळात हा लांबलचक मराठी लेख आजही उभा आहे.

आता कला. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे (1684–1712) यांचं ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे मराठी नाटक सतराव्या शतकाच्या अखेरचं मानतात. आपण मराठी रंगभूमीचा आरंभ विष्णुदास भाव्यांच्या 1843 मधल्या सांगलीच्या प्रयोगापासून मोजतो. तंजावरचं नाटक त्याच्या दीडशे वर्षं आधीचं! पुढे दुसऱ्या सरफोजीराजांच्या आश्रयाला चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ होते. आज भरतनाट्याचा कार्यक्रम अलारिपूपासून तिल्लाण्यापर्यंत ज्या क्रमानं चालतो, तो बसवण्याचं श्रेय त्यांना देतात. सरफोजीराजांनी या नृत्यासाठी मराठीतही रचना केल्या. तंजावरी चित्र तर तुम्ही पाहिलंच असेल: फळीवर खडूच्या लेपानं उठाव द्यायचा, खडे बसवायचे, वर सोन्याचा वर्ख. ही कलाही मराठा काळात बहरली.

सरफोजीराजे विलक्षण गृहस्थ होते. त्यांच्या छापखान्यात इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या गेल्या, त्या 1806 मध्ये. काशीयात्रेला गेले, तेव्हा त्यांनी संस्कृत पोथ्यांच्या नकला करवून आणल्या. सरस्वती महाल ग्रंथालयाची भरभराट मुख्यतः त्यांचीच. तिथे संस्कृत, तमिळ आणि तेलुगू पोथ्यांबरोबर मराठीची तीन हजारांवर हस्तलिखितं आहेत. वैद्यकाची आहेत, नाटकांची आहेत, आणि स्वयंपाकाचीही आहेत. ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ हे त्यांतलंच नाव. मराठी माणसाच्या पानाचा तंजावरी इतिहास हवा असेल, तर तो सांबाराच्या कथेत न शोधता इथे शोधावा.

पण एक अडचण आहे. तिथले दरबारी कागद मोडीत आहेत, आणि मोडी वाचणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. तंजावरकडची मराठी घराणी घरात आपली जुनी बोली बोलतात, पण शाळेत तमिळ शिकतात. मोडीची ओळख त्यांना कुठून असणार? इकडे आपल्यालाही ती राहिली नाही. कागद सांभाळून ठेवला, तरी तो वाचणारा नसला तर मुका होतो.

म्हणून दोन गोष्टी करा. तंजावरला जाल तेव्हा देवळातला तो मराठी लेख थांबून वाचा. देवनागरी आहे, तुम्हाला वाचता येईल. आणि घरात एखादा शिकता मुलगा किंवा मुलगी असेल, तर तिला मोडी शिकवा. पहिले काही दिवस अक्षरं अंगावर येतात, पण वळणं ओळखीची झाली की वाचायला लागतात. ‘सांबार आपलंच’ म्हणायला काही लागत नाही. सरफोजींच्या पाकशाळेचा एक कागद लावून दाखवायला मात्र एवढे कष्ट हवेतच.