रहस्यकथांची मासिके आणि त्यांची सूची

मराठीतील जुन्या नियतकालिकांचा शोध घेणाऱ्याला पहिला आधार मिळतो तो शं. ग. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलेल्या ‘मराठी नियतकालिकांची सूची’ या ग्रंथाचा. परंतु ही सूची १९५० पाशी थांबते, आणि बाबूराव अर्नाळकरांनी घडवलेला रहस्यकथेचा वाचक गुरुनाथ नाईकांच्या दरमहा निघणाऱ्या मालिकांपर्यंत पोहोचला तो बहुतांशी त्यानंतरच्या दशकांत. म्हणजे जे साहित्य सर्वाधिक हाताळले गेले, तेच सर्वांत कमी नोंदले गेले.

मराठवाड्यातील नांदेड आणि लातूरच्या बाबतीत ही उणीव अधिक खोल आहे, कारण तेथे त्याआधीच्या छपाईचीही नोंद अपुरी आहे. छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत सरकारजमा करून तिची त्रैमासिक यादी प्रसिद्ध करण्याची व्यवस्था १८६७ च्या कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात केली. हा भाग मात्र १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असल्याने येथील छपाई त्या याद्यांबाहेर राहिली.

सूची करणे म्हणजे नुसती नावे उतरवणे नव्हे. मुखपृष्ठ फाटलेला अंक हाती आला, तर मुद्रक-प्रकाशकाची ओळ, ‘वर्ष’ आणि ‘अंक’ हे क्रमांक आणि वर्गणीचा मजकूर यांवरून त्याची ओळख पटवावी लागते. मे-जूनचा जोडअंक, म्हणजे दोन महिन्यांचा मिळून काढलेला एकच अंक, लक्षात घेतला नाही, तर न निघालेला अंक हरवला असे नोंदले जाते. नाव बदलले की काम आणखी अवघड होते: ‘किर्लोस्कर खबर’ पुढे ‘किर्लोस्कर’ झाले, अमेरिकेत १८८२ साली मुलांसाठी निघालेले ‘गोल्डन आर्गसी’ ‘आर्गसी’ होऊन १८९६ मध्ये निव्वळ कथांचे मासिक बनले. अशा वेळी दोन्ही नावांच्या स्वतंत्र नोंदी करून त्यांना ‘आधीचे नाव’ आणि ‘नंतरचे नाव’ अशा परस्परनिर्देशांनी जोडावे लागते. नियतकालिकांच्या या गुंतागुंतींसाठी ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३४ च्या आपल्या तालिकासंहितेत, म्हणजे सूचीकरणाच्या ग्रंथात, नियमही घालून दिले.

रहस्यमालिकांचा प्रश्न याहून बिकट आहे, कारण प्रत्येक महिन्याला स्वतंत्र कादंबरी देणारी मालिका एका ग्रंथालयात पुस्तक ठरते, तर दुसऱ्यात मासिक, आणि त्यामुळे सलग अंक दोन वेगळ्या नोंदवह्यांत विखुरतात.

नांदेड-लातूरच्या वाचनालयांनी जीर्ण अंकांचे निर्लेखन करून, म्हणजे ते नोंदीतून कमी करून, रद्दीत देण्यापूर्वी निदान नाव, वर्ष, अंक, महिना आणि मुद्रणालय एवढ्या पाच गोष्टी एका वहीत उतरवून ठेवाव्यात, आणि ज्या घरांच्या माळ्यावर असे गठ्ठे अजून बांधलेले आहेत त्यांनी ते वाचनालयाला दाखवल्याशिवाय विकू नयेत.