कसब किती, योगायोग किती?

१५ जून १९६४ हा दिवस अमेरिकेतल्या शिकागो शहराचे बेसबॉलशौकीन अजून विसरलेले नाहीत. त्या दिवशी 'शिकागो कब्ज' या संघाने लू ब्रॉक नावाचा आपला तरुण खेळाडू 'सेंट लुइस कार्डिनल्स' या प्रतिस्पर्धी संघाला देऊन टाकला आणि बदल्यात अर्नी ब्रॉग्लिओ हा नावाजलेला पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू, घेतला. दोन्ही बाजूंचे आणखी काही खेळाडूही बदलले गेले, पण सौद्याचा मुख्य भाग हाच होता. ब्रॉग्लिओच्या खात्यावर आदल्या वर्षीचे १८ विजय होते. ब्रॉक पंचविशीच्या उंबरठ्यावर होता. पायाने चपळ, पण फलंदाजीत बेताचाच. शिकागोने बाजी मारली, असेच तेव्हा पुष्कळांना वाटले.

पण झाले उलटेच! सेंट लुइसला जाताच ब्रॉक बहरला. त्याच वर्षी त्याच्या नव्या संघाने 'वर्ल्ड सिरीज' ही सर्वोच्च स्पर्धा जिंकली. कारकीर्द संपली तेव्हा ब्रॉकच्या नावावर ३,०२३ हिट जमा होत्या आणि ९३८ वेळा त्याने बेस 'चोरला' होता, म्हणजे पिचर चेंडू टाकत असतानाच धावत सुटून पुढचा बेस गाठला होता. इकडे ब्रॉग्लिओने शिकागोला तीन हंगामांत मिळून जेमतेम ७ विजय मिळवून दिले.

अमेरिकेत बेसबॉलचे संघ आपसांत खेळाडूंची अदलाबदल करतात, आणि प्रत्येक सौद्यावर शौकिनांचे कडाक्याचे वाद होतात. "याला का सोडला?" "त्याला एवढी किंमत कशी?" हे वाद नुसते आवडीनिवडीचे नसतात. त्यांच्या मुळाशी एक चांगला शास्त्रीय प्रश्न दडलेला आहे : आतापर्यंतच्या कामगिरीवरून पुढच्या कामगिरीचा अंदाज किती भरवशाने बांधता येतो?

आकड्यांचा खेळ

बेसबॉलमध्ये फलंदाज चेंडू टोलवतो आणि पहिल्या बेसपर्यंत सुखरूप धावत पोहोचतो, तेव्हा त्याला साधारणपणे एक 'हिट' मिळते. मिळालेल्या संधींपैकी किती संधींत हिट मिळाली, ते प्रमाण म्हणजे त्याची फलंदाजीची सरासरी. १०० संधींत २५ हिट मिळाल्या तर सरासरी ०.२५०. क्रिकेटच्या सरासरीची सवय असलेल्या आपल्याला हा आकडा चिमुकला वाटेल. पण १० संधींत ३ हिट मिळवणारा तिथे उत्तम फलंदाज गणला जातो. संपूर्ण हंगामात ०.४०० च्या वर राहण्याचा पराक्रम अमेरिकेच्या दोन प्रमुख लीगमध्ये टेड विल्यम्सने १९४१ साली केला (०.४०६). त्यानंतर तो तिथे कोणालाही साधलेला नाही.

बेसबॉलला आकडेमोडीचे हे वेड लावण्यात ज्याचा मोठा वाटा आहे, तो हेन्री चॅडविक मूळचा इंग्लंडचा आणि क्रिकेटच्या सामन्यांची वृत्ते लिहिणारा पत्रकार होता! क्रिकेटच्या धावफलकासारखा तक्ता त्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बेसबॉलमध्ये रूढ केला.

मात्र आकडा नेमके काय मोजतो, हे पाहिल्याशिवाय त्याच्यावर विसंबणे बरे नव्हे. पिचरने चार चेंडू ठरलेल्या कक्षेबाहेर टाकले आणि फलंदाजाने ते संयमाने सोडून दिले, तर त्याला पहिला बेस आपोआप मिळतो. संघाचा तो फायदाच; पण फलंदाजीच्या सरासरीत त्याची दखलच घेतली जात नाही. अशा उणिवांवर बोट ठेवणाऱ्यांत बिल जेम्स हे नाव अग्रभागी आहे. हा गृहस्थ डबाबंद खाद्यपदार्थांच्या कारखान्यात रात्रपाळीचा पहारेकरी होता. बेसबॉलच्या आकड्यांचा अभ्यास करून त्याने १९७७ साली स्वखर्चाने एक पुस्तिका काढली. पुढे याच अभ्यासाच्या बळावर एका मोठ्या संघाने त्याला सल्लागार म्हणून नेमले.

अठरा खेळाडूंची परीक्षा

आता मूळ प्रश्नाकडे वळू. १९७० च्या हंगामाच्या सुरुवातीची गोष्ट. पिट्सबर्गच्या रॉबर्टो क्लेमेंटेने पहिल्या ४५ संधींत १८ हिट मिळवल्या, म्हणजे सरासरी ०.४००. न्यूयॉर्क यांकीज संघातल्या थर्मन मन्सन या नवख्या खेळाडूला तेवढ्याच संधींत ८ हिट मिळाल्या, म्हणजे सरासरी ०.१७८. अशा वेळी शौकीन काय म्हणणार? "क्लेमेंटे ०.४०० करणार, मन्सनला काढा!"

ब्रॅडली एफ्रॉन आणि कार्ल मॉरिस या दोन संख्याशास्त्रज्ञांनी त्या हंगामातले असे १८ खेळाडू घेतले. प्रत्येकाच्या पहिल्या ४५ संधींतली सरासरी एका बाजूला लिहिली आणि उरलेल्या हंगामातली सरासरी दुसऱ्या बाजूला. १९७७ साली 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांनी हा ताळा मांडला. क्लेमेंटे पुढे ०.३४६ वर उतरला. मन्सन ०.३१६ वर चढला. फ्रँक रॉबिन्सन ०.३७८ वरून ०.२९८ वर आला. एकूण पाहता वरचे खाली सरकले आणि खालचे वर. बहुतेक जण मधल्या आकड्याकडे ओढले गेले.

असे का व्हावे? वरचे खेळाडू गर्विष्ठ झाले आणि खालचे ईर्ष्येने पेटले, अशी कारणे लगेच सुचतात. पण त्याआधी एक साधा प्रयोग करून पाहा.

करून पाहा

एका डब्यात सारख्या आकाराचे चार मणी घ्या, एक लाल आणि तीन पांढरे. न पाहता एक मणी काढा, रंग लिहा, मणी परत टाका, डबा हलवा. लाल मणी निघाला तर हिट! असे ४५ वेळा करा. वर्गातल्या १८ जणांनी प्रत्येकी हा प्रयोग करावा.

आता इथे कोणाच्याही अंगी लाल मणी काढण्याचे खास कसब नाही. सर्वांची 'खरी' सरासरी ०.२५० च आहे. म्हणजे प्रत्येकाला ११ च्या आसपास हिट मिळायला हव्यात. पण फळ्यावर आकडे मांडाल तेव्हा कोणाला ६ किंवा ७, तर कोणाला १६ किंवा १७ मिळालेल्या दिसणे मुळीच अवघड नाही. एफ्रॉन आणि मॉरिस यांच्या खऱ्या खेळाडूंच्या हिट ७ पासून १८ पर्यंत होत्या. म्हणजे त्या खेळाडूंमधला बराचसा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो!

वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना हे गणितानेही ताडून पाहता येईल. योगायोगाने होणाऱ्या चढउताराचे माप, ज्याला प्रमाण विचलन म्हणतात, ते इथे ४५ × ०.२५ × ०.७५ या गुणाकाराचे वर्गमूळ, म्हणजे सुमारे २.९ हिट इतके येते. सरासरीच्या भाषेत ०.०६५. संधी दसपट करा, म्हणजे ४५०. आता हे माप ०.०२० वर येते. संधी दसपट झाल्या, पण चढउतार दहाव्या हिश्श्यावर आला नाही. सुमारे तिसऱ्या हिश्श्यावरच आला, कारण १० चे वर्गमूळ ३.१६ आहे. भरवसा वाढतो, पण सावकाश वाढतो.

आता सर्वांत 'यशस्वी' आणि सर्वांत 'अपयशी' अशा दोघांना पुन्हा ४५ मणी काढायला सांगा. बहुधा दोघेही ११ च्या जवळ येतील. पहिला आळशी झाला नाही की दुसरा हुशार झाला नाही. पहिल्या वेळचा योगायोग दुसऱ्या वेळी पाठीशी नव्हता, एवढेच. याला सरासरीकडे परतणे म्हणतात.

मग अंदाज कसा बांधावा?

खरे खेळाडू मण्यांसारखे सारखे नसतात. त्यांच्यात कसबाचा फरक असतोच. तेव्हा क्लेमेंटेचे ०.४०० पूर्ण खरे मानू नये, आणि पूर्ण खोटेही मानू नये. मग किती मानावे?

चार्ल्स स्टाइन या संख्याशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात यावर एक चमत्कारिक निष्कर्ष काढला. तीनपेक्षा अधिक सरासऱ्यांचा अंदाज एकत्र करायचा असेल, तर प्रत्येक आकडा समूहाच्या सरासरीकडे योग्य प्रमाणात ओढून घेतल्यास एकूण चूक कमी होणे अपेक्षित असते. १८ खेळाडूंची सामाईक सरासरी ०.२६५ होती. क्लेमेंटे तिच्यापेक्षा ०.१३५ ने वर होता. आकड्यांच्या पसरणीवरून हिशेब केला तेव्हा निघाले की या फरकाचा साधारण पाचवा हिस्साच राखावा. म्हणजे क्लेमेंटेचा अंदाज ०.२९४. याच रीतीने मन्सनचा ०.२४७.

निकाल पाहा. १८ पैकी १६ खेळाडूंच्या बाबतीत हा ओढलेला अंदाज कच्च्या सरासरीपेक्षा सत्याच्या जवळ ठरला. चुकांच्या वर्गांची बेरीज ०.०७७ होती, ती ०.०२२ झाली.

क्लेमेंटेच्या वाट्याला मात्र ०.२९४ हा अंदाज फारच कमी आला. प्रत्यक्षात त्याने ०.३४६ केले. कारण त्याने याआधी चार वेळा आपल्या लीगमधली सर्वोच्च सरासरी गाठली होती. ही माहिती ४५ संधींच्या आकड्यात नव्हती. हाताशी जुनी नोंद असेल तर तीही हिशेबात धरली पाहिजे, हा त्यातला धडा.

आणि मन्सन? यांकीजने त्याला काढले नाही. हंगामाअखेर त्याच्या लीगमधला वर्षातला सर्वोत्तम नवखा खेळाडू म्हणून त्याचीच निवड झाली!

उपाहारगृहाच्या नावाचा खेळ

१९८० साली न्यूयॉर्कमध्ये डॅनियल ओक्रेंट हा लेखक आणि त्याचे मित्र यांनी या वादांनाच खेळाचे रूप दिले. प्रत्येकाने एका काल्पनिक संघाचा मालक व्हायचे आणि ठरलेल्या रकमेत खऱ्या खेळाडूंवर बोली लावायची. ते खेळाडू मैदानावर जे करतील, त्या आकड्यांवरून काल्पनिक संघांचे गुण ठरायचे. मालकांनी आपसांत खेळाडू बदलायलाही मुभा. मंडळी 'रोटिसेरी' नावाच्या ज्या उपाहारगृहात जमत, त्याचेच नाव खेळाला पडले. आज 'फँटसी लीग' या नावाने हा खेळ संगणकावर आणि मोबाइलवर जगभर पसरला आहे.

या खेळात चतुर मालक काय करतो? हंगामाच्या पहिल्या पंधरवड्यात जो तळपतो, त्याच्यासाठी तो भारी किंमत मोजत नाही. ज्याची जुनी नोंद चांगली आहे, पण सुरुवात अडखळत झाली, अशा खेळाडूला तो घाबरलेल्या मालकाकडून स्वस्तात उचलतो.

पुन्हा ब्रॉककडे

मग शिकागोने ब्रॉक दिला, तोही अशीच घाई करून का? तसे म्हणता येत नाही. ब्रॉकला शिकागोत हजाराहून अधिक संधी मिळाल्या होत्या आणि त्याची सरासरी ०.२५७ होती. सेंट लुइसला त्या हंगामात त्याने ०.३४८ केले. एवढी झेप निव्वळ योगायोगाने बसणे कठीण. इथे परिस्थितीच बदलली होती. खेळाडू उमेदीच्या वयात होता, आणि नव्या संघाने त्याला बेस चोरण्याची मोकळीक दिली. मण्यांच्या डब्यात कोणीतरी आणखी एक लाल मणी टाकावा, तसेच हे. तरीही ०.३४८ मध्ये थोडा योगायोग होताच. पुढच्या हंगामात ब्रॉक ०.२८८ वर आला. उलट ब्रॉग्लिओच्या कोपराचे दुखणे त्याच्या १८ विजयांच्या आकड्यात कोठेच दिसत नव्हते. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याच्यावर शस्त्रक्रिया करावी लागली.

म्हणून यापुढे कोणत्याही खेळाडूवरून वाद पेटला की तीन प्रश्न विचारा. हा आकडा नेमके काय मोजतो? तो किती संधींवर आधारलेला आहे? आणि त्यानंतर काही बदलले आहे का? वाद मिटणार नाही कदाचित, पण तो शहाणपणाने होईल. आणि वर्गात एखाद्याला एका चाचणीत कमी गुण पडले, तर त्याला 'ढ' ठरवण्यापूर्वी हेच तीन प्रश्न स्वतःलाही विचारा. एक चाचणी म्हणजे फार थोड्या संधी. मन्सनला तर ४५ मिळाल्या होत्या, तरी त्या पुरेशा नव्हत्या.