आत्मा : तो, ती की ते?

मराठी शिकणारा परभाषक हमखास विचारतो, खुर्ची 'ती' आणि टेबल 'ते', असं का? व्याकरणातलं लिंग वेगळं, बाई-पुरुष असणं वेगळं, एवढं सांगून मी सुटका करून घेते. पण हाच प्रश्न देवाबद्दल निघाला तर?

तो निघाला होता. हिब्रू बायबलच्या आरंभीच देवाचा 'रूआख' पाण्यावर तरंगत असतो. रूआख म्हणजे वारा, श्वास आणि आत्माही. हा शब्द हिब्रूत बहुतेक ठिकाणी स्त्रीलिंगी चालतो, आणि इथलं क्रियापदही स्त्रीलिंगीच आहे. तेच क्रियापद पुढे पिलांवर पंख फडफडवणाऱ्या गरुडासाठी आलं आहे. ग्रीकमध्ये गेल्यावर रूआखचं 'प्न्यूमा' झालं, ते नपुंसकलिंगी. लॅटिनमध्ये 'स्पिरितुस', तो पुल्लिंगी. आपल्या मराठी बायबलातला 'पवित्र आत्मा'ही 'तो'च.

येशूची बोली अरामी. तिचीच एक शाखा सिरियाक, आणि तिच्यात 'रूहा' स्त्रीलिंगी. या भाषेतल्या सुरुवातीच्या ख्रिस्ती लेखकांनी ते लिंग नुसतं व्याकरणापुरतं ठेवलं नाही. 'शलमोनाची स्तोत्रं' या प्राचीन संग्रहाची सिरियाक प्रत १९०९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातल्या एकोणिसाव्या स्तोत्रात पुत्र हा दुधाचा पेला आहे, दूध पित्याचं आहे आणि धार काढते ती पवित्र आत्मा! (हे वाक्य मी बोलले, तेव्हा काचेपलीकडचे ध्वनिमुद्रक चमकून बघू लागले.)

चौथ्या शतकात इराणी साम्राज्यात राहणारा अफ्राहात तर सरळ म्हणतो, की अविवाहित पुरुषाचा पिता देव आणि आई पवित्र आत्मा. पुरुष आईबापांना सोडून बायकोला जडून राहील, हे बायबलातलं वचन तो असं लावतो, की लग्न केलं की माणूस या आईबापांना सोडून जातो. म्हणजे देवात आई दिसली खरी, पण ती ब्रह्मचर्याच्या कौतुकासाठी. यात बायकांचा मान वाढला, असं घाईनं समजू नये.

पुढे, साधारण इसवी सन ४०० नंतर, सिरियाकमध्येही पवित्र आत्म्यासाठी हळूहळू पुल्लिंगी रूपं रूढ झाली. त्याच सुमारास बेथलेहेममध्ये राहणाऱ्या जेरोम या लॅटिन पंडितानं यशयाच्या ग्रंथावर भाष्य लिहिलं. पवित्र आत्म्याला येशूनं आई म्हटल्याचा उल्लेख एका जुन्या शुभवर्तमानात होता. त्यावर जेरोम म्हणतो, कुणी बिचकू नये. हिब्रूत हा शब्द स्त्रीलिंगी, लॅटिनमध्ये पुल्लिंगी, ग्रीकमध्ये नपुंसकलिंगी, कारण देवाला लिंगच नसतं.

मला हे पटतं. पण लिंग नसेल तर 'तो' राहिला आणि 'ती'च का गेली, हा प्रश्न जेरोमला पडलेला दिसत नाही.

१८९२ मध्ये सिनाई पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या मठात अ‍ॅग्नेस लुईस आणि मार्गारेट गिब्सन या जुळ्या बहिणींच्या हाती एक जुनं सिरियाक हस्तलिखित आलं. वर संत स्त्रियांची चरित्रं, आणि त्याखाली, खरवडून पुसलेल्या अक्षरांत, चारही शुभवर्तमानं. योहानाच्या चौदाव्या अध्यायात येशू ज्या साहाय्यकाचं, म्हणजे पवित्र आत्म्याचं, आश्वासन देतो, तिथे या प्रतीत 'ती' आहे. पुढे रूढ झालेल्या सिरियाक पाठात 'तो'. बहिणी राहत केंब्रिजमध्ये. तिथलं विद्यापीठ तेव्हा स्त्रियांना पदवी देत नव्हतं.