संस्कार, भांडवल आणि रायपूर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

रायपुरात मारवाडी, गुजराती, सिंधी बाजारात आणि मराठी माणूस कचेरीत, अशी वाटणी अनेकांनी मनाशी पक्की केलेली असते. ‘संस्कारच तसे,’ असं कारणही तयार असतं. ते तपासायला हवं.

गैरसमज १: पैशाचे व्यवहार मराठी माणसाच्या स्वभावात नाहीत.
वस्तुस्थिती: छत्तीसगडमधल्या सहकाराचे प्रणेते वामनराव लाखे मराठीच. माधवराव सप्रे यांच्या ‘छत्तीसगढ मित्र’ या मासिकाचे (१९००) ते प्रकाशक होते. १९१३ मध्ये त्यांनी रायपुरात सहकारी मध्यवर्ती बँक उभी केली. लोकांसाठी झटण्याची वृत्ती त्यांच्यात होतीच. पण अशा बँकांना वाट मिळाली ती १९१२ च्या सहकार कायद्याने.

गैरसमज २: व्यापारी समाज केवळ काटकसरीने मोठे झाले.
वस्तुस्थिती: काटकसर शेतकऱ्याच्या घरातही होती. मारवाडी पेढ्यांचं खरं बळ हुंडीच्या, म्हणजे रक्कम देण्याच्या लेखी आदेशाच्या, जाळ्यात होतं. एका गावची हुंडी दूरच्या गावी वटायची, नवख्या तरुणाला जातभाईच्या पेढीवर काम आणि उधारी मिळायची, आणि शब्द मोडणाऱ्याची पत जायची. जातीबाहेरच्याला मात्र ही सोय नसे, हेही तितकंच खरं.

गैरसमज ३: धर्मामुळे भांडवलशाही आली, असं जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर म्हणाला.
वस्तुस्थिती: १९०४–०५ च्या त्याच्या गाजलेल्या निबंधात प्रोटेस्टंट शिस्त हे अनेक कारणांपैकी एक होतं. केवळ आर्थिक कारण पुरेसं नाही, तसंच केवळ धार्मिक कारणही पुरेसं नाही, हे त्याने स्पष्ट केलं होतं. पद्धतशीर हिशेब आणि भरवशाचा कायदा यांनाही त्याच्या विवेचनात मोठं स्थान आहे.

गैरसमज ४: उद्यमशीलता असली की कारखाना उभा राहतो.
वस्तुस्थिती: नागपुरात १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू करणाऱ्या टाटांकडे उद्यमशीलतेची कमतरता नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी आजच्या बालोद जिल्ह्यातलं दल्ली-राजहराचं उत्तम लोहखनिज पाहिलं. पण योग्य कोळसा आणि पाणी जवळ नसल्याने तो बेत सोडावा लागला. पुढे त्याच खनिजावर भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला, तो सरकारी भांडवल आणि १९५५ च्या सोव्हिएत कराराच्या बळावर. १९५९ मध्ये तिथली पहिली झोतभट्टी सुरू झाली.

संस्कारांचं मोल मोठं आहे. शब्द पाळणं, हिशेब चोख ठेवणं याशिवाय पत उभी राहत नाही. पण हे गुण शिकता येतात, आणि फळतात ते कर्ज, कायदा व साधनं यांची साथ मिळाली तरच. म्हणून ‘धंदा आपल्या रक्तात नाही’ असं मुलांना सांगू नका. त्यांना हिशेब शिकवा आणि लाखे यांच्यासारख्यांचं काम दाखवा.