पदवीनंतरचा परदेश : आरोग्यसेवा विद्यार्थी आणि व्हिसा

परदेशातील पदवी मिळाली की नोकरी ठरलेलीच, असा समज अनेक पालकांत आढळतो. आरोग्यसेवेत मात्र पदवी, व्यावसायिक नोंदणी आणि व्हिसा या तीन स्वतंत्र बाबी आहेत. ब्रिटनचेच उदाहरण घेऊ.

तेथे पदवी पूर्ण करणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यास ‘ग्रॅज्युएट व्हिसा’ मिळू शकतो. १ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या या व्हिसाची मुदत दोन वर्षे ठेवण्यात आली. १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांसाठी, पीएच.डी.धारक वगळता, ती १८ महिने ठरविण्यात आली आहे. त्यासाठी नियोक्त्याचे प्रायोजकत्व लागत नाही. परंतु आरोग्य अधिभार भरावा लागतो आणि मुदत वाढवून मिळत नाही.

त्या मुदतीत ‘हेल्थ अँड केअर वर्कर व्हिसा’ मिळविणे हा पुढचा टप्पा होय. येथे अधिभार माफ असतो. मात्र परवानाधारक नियोक्त्याने पात्र पदावर नेमणूक देणे आवश्यक असते. परिचारिकेस नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलची, तर फिजिओथेरपिस्टला हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलची नोंदणी लागते. सार्वजनिक आरोग्यातील एम.एस्सी. ही पदवी अशी नोंदणी मिळवून देत नाही.

इकडे शैक्षणिक कर्जाचे हप्ते सर्वसाधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने सुरू होतात. व्याजाची आकारणी मात्र रक्कम दिल्यापासूनच होते. म्हणून ‘या पदवीने नोंदणी मिळेल काय?’ हा प्रश्न कर्जाच्या अर्जावर स्वाक्षरी करण्यापूर्वीच विचारावा.