घरगुती इंटरनेटचे वाटप आणि हट्टी डोंगल

बोलीभाषांच्या अभ्यासासाठी खेडोपाडी मुक्काम करणाऱ्या संशोधकांना ध्वनिमुद्रण-यंत्राइतकीच आणखी एका वस्तूची संगत घडते. ती म्हणजे संगणकाच्या यूएसबी खाचेत बसवावयाचा, पोटात सिमकार्ड बाळगणारा मोडेम. व्यवहारात त्यास ‘डोंगल’ म्हणतात. जेथे तार पोचलेली नाही तेथे इंटरनेट मिळवून देणे हे त्याचे काम. परंतु ही वस्तू मुळात एका संगणकासाठी घडविलेली असते आणि घरात माणसे तर चार असतात. एकाच जोडणीत सर्वांस वाटा कसा द्यावा, आणि मोडेमच अडून बसला तर दोष कोठे शोधावा, ह्याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ह्या विषयाकडे वळण्यास एक घरगुती प्रसंग कारण झाला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा प्रस्तुत लेखक संगमेश्वर तालुक्यातील आपल्या गावच्या घरी होता. पत्नीचे शाळेचे तास, मुलीचा वर्ग आणि एका विद्यार्थिनीची पीएच.डी.ची मौखिक परीक्षा ही सर्व कामे एका डोंगलवर येऊन पडली. ते डोंगल दर वीस-पंचवीस मिनिटांनी बंद पडे. विद्यार्थिनीने परीक्षेपूर्वी आठवडाभर जी रंगीत तालीम केली, तिच्यातही संभाषण दोनदा तुटले. काही वर्षांच्या श्रमांचे समर्थन अशा तुटक आवाजात करावे लागेल की काय, ही तिची चिंता अनाठायी नव्हती.

त्या दिवसांत घरात एकच वाक्य पुनःपुन्हा कानी पडे: ‘नेट गेलं.’ भाषेच्या अभ्यासकास हे वाक्य विचार करावयास लावते. त्यात कर्ता आहे, क्रियापद आहे. परंतु स्थानाचा निर्देश नाही. वस्तुतः ह्या दोन शब्दांखाली किमान चार भिन्न घटना दडलेल्या असतात. संगणकास मोडेमच दिसेनासा होतो. मोडेम दिसतो, पण कंपनीच्या जाळ्याशी जोडला जात नाही. मोडेम जोडलेला असतो, पण घरातील इतर यंत्रांना वाटा मिळत नाही. अथवा सर्व जोडलेले असूनही संकेतस्थळांची नावे उलगडत नाहीत. ह्या घटना वेगळ्या केल्याविना उपाय सापडत नाही, हे ह्या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

प्रथम वाटपाचे तत्त्व पाहू. इंटरनेटवरील प्रत्येक यंत्रास एक अंकात्मक पत्ता लागतो. रूढ पद्धतीत तो ३२ बिटांचा असल्याने असे पत्ते सुमारे ४२९ कोटीच होऊ शकतात. हा साठा अपुरा पडणार हे ध्यानात आल्यावर काही पत्ते केवळ अंतर्गत वापरासाठी राखून ठेवण्यात आले. ‘१९२.१६८’ ह्या अंकांनी सुरू होणारे पत्ते त्यांपैकीच असून, १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या मानक-लेखात त्यांची नोंद आहे. हे पत्ते कोट्यवधी घरांत एकाच वेळी वापरात असतात. बाहेरच्या जगात मात्र त्यांना अर्थ नसतो.

ज्या संगणकास डोंगल लावले आहे तो येथे वाड्याच्या दारावरील कारकुनाचे काम करतो. आतील यंत्राने पत्र पाठविले की कारकून त्यावरील आतला पत्ता पुसून मोडेमचा पत्ता घालतो, एक क्रमांक देतो आणि आपल्या वहीत नोंद करतो. उत्तर आले की क्रमांकावरून ते योग्य खोलीत पोचविले जाते. हे क्रमांक ६५,५३५ पर्यंत असू शकतात. त्यामुळे चार यंत्रांच्या कुटुंबास ते कधीही अपुरे पडत नाहीत. विंडोज प्रणालीत ही सोय १९९९ साली, विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत आली. लिनक्समध्ये हिलाच ‘मास्करेड’, म्हणजे सोंग घेणे, असे नाव आहे. आणि ते यथार्थ आहे.

येथे एक चूक वारंवार घडते. वाटपाची खूण डोंगलच्या जोडणीवर करावयाची असते. घराकडील वाय-फाय जोडणीवर नव्हे. खूण उलटी झाल्यास कारकून घराकडे पाठ करून बसल्यासारखे होते. तसेच डोंगल नेहमी एकाच खाचेत लावावे. खाच बदलल्यास प्रणाली त्यास बहुधा नवे यंत्र समजते आणि पूर्वीची मांडणी निरुपयोगी ठरते.

आता मोडेमच्या हट्टाकडे वळू. पुष्कळ डोंगले प्रथम स्वतःस मोडेम म्हणवीतच नाहीत. आपल्या पोटातील चालक-प्रणाली संगणकात उतरविता यावी म्हणून ती आरंभी सीडीचे रूप धारण करतात आणि विशिष्ट आज्ञा मिळाल्यावरच मोडेम होतात. ती आज्ञा पोचली नाही तर संगणकास केवळ एक सीडी दिसत राहते. लिनक्समध्ये ह्यासाठी ‘यूएसबी मोडस्विच’ नावाची स्वतंत्र आज्ञावली आहे.

दुसरे कारण विजेचे. यूएसबीच्या दुसऱ्या आवृत्तीच्या खाचेतून ५ व्होल्ट दाबाने ५०० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह मिळण्याची हमी असते. रेंज क्षीण असली की मोडेम अधिक जोराने प्रक्षेपण करतो आणि त्याची विजेची भूक वाढते. त्यात लांब, बारीक तार जोडली तर तिच्यातच दाब घटतो. परिणामी मोडेम क्षणभर मूर्च्छित होतो आणि पुन्हा जागा होतो. तिसरे कारण संगणकाच्या काटकसरीचे. वीज वाचविण्यासाठी प्रणाली काही काळ स्वस्थ असलेली यूएसबी खाच निजविते. सर्वच मोडेम त्या झोपेतून नीट उठत नाहीत. ही सोय वीज-व्यवस्थापनाच्या मांडणीतून बंद करता येते.

मोडेम पुन्हा जोडला गेला तरी संभाषण का तुटते, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. नव्या जोडणीबरोबर बाहेरचा पत्ता बहुधा बदलतो आणि कारकुनाच्या वहीतील जुन्या नोंदी निरर्थक होतात. पान वाचणाऱ्यास हे जाणवत नाही. परंतु बोलत असलेल्या माणसाचा आवाज मध्येच नाहीसा होतो.

दोष शोधण्याचा क्रम सोपा आहे. घरातील दुसऱ्या यंत्रावरून ‘पिंग’ ही आज्ञा यथाक्रम तीन ठिकाणी द्यावी. प्रथम कारकुनाच्या पत्त्यावर. विंडोज ७ पासून तो सामान्यतः १९२.१६८.१३७.१ असतो. येथे उत्तर न आल्यास दोष घरातील वाटपात आहे. नंतर बाहेरील ८.८.८.८ ह्या पत्त्यावर. पहिले उत्तर येऊन हे न आल्यास डोंगल, त्याची जोडणी किंवा खुणेची मांडणी तपासावी. शेवटी एखाद्या संकेतस्थळाच्या नावावर. केवळ येथेच अडल्यास नावांचा उलगडा करणारी व्यवस्था बिघडली आहे, मोडेमचा काही अपराध नाही.

आमच्या घरी दुसऱ्या पायरीवर उत्तर थांबे आणि त्याच वेळी डोंगल संगणकाच्या यादीतूनच नाहीसे होई. रेंज केवळ माळ्यावरील खिडकीत मिळत असल्याने ते लांब तारेने तेथे टांगले होते आणि संगणक खाली माजघरात होता. दोष तारेत असावा असा तर्क करून आम्ही एक जुना लॅपटॉपच माळ्यावर नेला, आखूड तारेने आणि स्वतंत्र वीज घेणाऱ्या यूएसबी हबमधून डोंगल जोडले, खाच निजविण्याची सोय बंद केली आणि वाटा वाय-फायने खाली आणला. पावसाळ्यात वीज वरचेवर जाते, म्हणून हब इन्व्हर्टरवर घेतला. त्या लॅपटॉपवर अन्य कोणतेही काम करावयाचे नाही असा नियम घालून दिला. मौखिक परीक्षेच्या दिवशी घरातील इतर यंत्रे बंद ठेवली. संभाषण एकदाही तुटले नाही. प्रश्नांची उत्तरे विद्यार्थिनीने पूर्ण वाक्यांत दिली.

क्षेत्रकार्य करणाऱ्यांसाठी एक सूचना शेवटी करणे अवश्य आहे. वाटपाने जोडणी वाढत नाही, विभागली जाते. सेकंदाला ४४,१०० नमुने आणि १६ बिट ह्या मानाने केलेले एका तासाचे एकमार्गी, असंकुचित ध्वनिमुद्रण सुमारे ३१८ मेगाबाइटचे होते. ते दिवसा पाठविल्यास घरातील प्रत्येकाचे काम मंदावते. म्हणून ते रात्री पाठवावे, आणि पोचल्याची खात्री होईपर्यंत मूळ प्रत पुसू नये.

तात्पर्य, हट्टी मोडेमवरचा पहिला उपाय म्हणजे तक्रार नेमकी करणे. आमच्या घरी आता ‘नेट गेलं’ हे वाक्य क्वचितच ऐकू येते. मुलगी खालूनच विचारते, ‘डोंगल दिसत नाहीये, की वाटा येत नाहीये?’ आणि निम्मे काम तेथेच झालेले असते.