मुलाचे लिखाण सुधारायला कॉम्प्युटर कितपत कामाचा?

आपल्यापैकी बऱ्याच दुकानदारांच्या आणि कारखानदारांच्या घरी आता कॉम्प्युटर आला आहे. तो घेतला बिले काढायला आणि जीएसटीच्या हिशेबासाठी. संध्याकाळी मात्र त्यावर मुले बसतात. मग कोणी क्लासवाला येतो, कोणी मोबाइलवरचे अ‍ॅप विकणारा येतो आणि सांगतो की, वर्षाचे पैसे भरा, मुलाचे मराठी-इंग्रजी लिखाण सुधारून देतो. पैसे भरावेत की नाही? प्रश्न व्यवहाराचा आहे. कोणतेही यंत्र विकत घेण्यापूर्वी आपण ते काय काम करते ते चालवून पाहतो, तसेच येथेही पाहिले पाहिजे.

लिखाण ही केवळ शाळेची बाब आहे असे समजण्याचे कारण नाही. बँकेकडे कर्जाचा अर्ज, नोटिशीला उत्तर, गिऱ्हाइकाला दरपत्रक, खराब माल पाठवणाऱ्या पेढीकडे तक्रार, ही सारी कामे लिखाणाची आहेत. हातात उत्तम हुन्नर असलेला कारागीर चार ओळींच्या अर्जासाठी कचेरीबाहेरच्या अर्जनवीसापुढे पैसे मोजतो, हे आपण रोज पाहतो. घरातले मूल नीट लिहू लागले तर हा खर्च वाचतो आणि धंद्याच्या गोष्टी घरातच राहतात.

कॉम्प्युटरचा लिखाणातला पहिला उपयोग अगदी साधा आहे आणि विकणारे त्याबद्दल फारसे बोलत नाहीत. शिंपी आधी कच्चा टाका घालतो, कपडा अंगावर चढवून पाहतो, खांद्यावर ओढ बसत असेल तर टाका उसवतो आणि मगच पक्की शिलाई मारतो. वहीत लिहिणारे मूल एकदम पक्की शिलाई मारते. तिसऱ्या ओळीत काही राहून गेले हे त्याला कळले तरी सगळे पान पुन्हा उतरवून काढायचा कंटाळा असतो, म्हणून ते तसेच सोडते. पडद्यावर मात्र वाक्य उचलून वर नेता येते, मधे ओळ घालता येते, नको ते काढता येते. लिखाण सुधारते ते या दुसऱ्या-तिसऱ्या हातामुळे. अमेरिकेत १९९२ ते २००२ या काळातील २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की कॉम्प्युटरवर लिहिणारी मुले कागदावर लिहिणाऱ्यांपेक्षा अधिक लिहितात आणि त्यांचे लिखाण सरासरीने सरस असते.

पण येथे थोडे थांबावे. २००७ साली तेथेच चौथी ते बारावीच्या विद्यार्थ्यांविषयी दुसरा मोठा अहवाल निघाला. लिखाण शिकवण्याच्या ११ पद्धती परिणामानुसार लावल्या असता कॉम्प्युटरवर लिहिणे पाचव्या स्थानी आले. सर्वांत वर होते ते आखणी कशी करावी, मसुदा कसा तपासावा हे मुलांना पायरीपायरीने शिकवणे, आणि त्याच्या बरोबरीने वाचलेल्या मजकुराचा सारांश लिहायला लावणे. नुसते व्याकरणाचे नियम घोकून घेण्याचा परिणाम तर उलटाच आढळला. वरच्या दोन्ही गोष्टींना वीजही लागत नाही.

आता चुका दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे वळू. ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीज या टेलिफोन कंपनीच्या संशोधनशाळेत १९८०च्या सुमारास 'रायटर्स वर्कबेंच' नावाचा संच तयार झाला. हेतू हा की, कंपनीच्या लोकांनी लिहिलेली तांत्रिक कागदपत्रे वाचनीय व्हावीत. त्यातला एक भाग वाक्यांची लांबी मोजी. दुसऱ्याकडे सुमारे ४५० पाल्हाळिक व चुकीच्या शब्दप्रयोगांची यादी होती, त्यांपैकी एखादा सापडला की तो बोट दाखवी. पुढे कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या निबंधांसाठीही तो वापरला गेला. हा संच स्वतः काही लिहीत नसे. "येथे पुन्हा बघ" एवढेच तो सांगे, आणि बदलायचे की नाही हे विद्यार्थ्याने ठरवायचे. आमच्या मते शिकणाऱ्यासाठी हीच रीत सर्वांत चांगली. नंतरची पुष्कळशी उत्पादने दुरुस्ती तयार करून हातात ठेवू लागली; विद्यार्थी एक बटण दाबतो आणि चूक का झाली हे न कळताच पुढे जातो.

मराठीची अडचण आणखी वेगळी आहे. साधी शब्दतपासणी म्हणजे शब्दांची यादी. लिहिलेला शब्द यादीत नसेल तर खाली लाल रेघ. इंग्रजीत एका शब्दाची रूपे मोजकी असतात, त्यामुळे हे काम भागते. मराठीत 'सूत' या एकाच शब्दाचे सुताला, सुताने, सुताचा, सुतातून, सुतापेक्षाही असे कितीतरी होते. शिवाय 'सूत' दीर्घ आणि 'सुताचा' ऱ्हस्व; 'कापूस' आणि 'कापसाचा' यांत तर ऊकारच गळतो. लेखनाचे नियम ठरलेले आहेत. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ सालचे १४ आणि १९७२ सालचे ४ असे एकूण १८ नियम राज्य शासनाने मान्य केले आहेत. पण सारी रूपे यादीत घालणे कठीण. म्हणून मराठीत लाल रेघ दिसली की शब्द चुकलाच असे नाही, आणि रेघ नसली की तो बरोबरच असेही नाही. हे मुलाला पहिल्याच दिवशी सांगावे.

उर्दू माध्यमात शिकणाऱ्या मुलांच्या बाबतीत तर याकडे अधिक लक्ष हवे. उर्दूत 'ण' नसल्याने मूल 'कोण'च्या जागी 'कोन' लिहिते, आणि 'कोन' हा भूमितीतला शब्द यादीत असल्याने यंत्र गप्प बसते. 'मण'च्या जागी 'मन' लिहिले तरी तेच. उर्दूत दुकान स्त्रीलिंगी, म्हणून 'माझी दुकान' असे सहज उतरते. दोन्ही शब्द सुटे सुटे बरोबर असल्याने शब्दाशब्दाने तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला त्यात खोट दिसत नाही. हे पकडायला मराठी चांगली येणारा माणूस लागतो, किंवा अलीकडचे नवे तंत्र.

त्या नव्या तंत्राकडे येण्यापूर्वी गुण देणाऱ्या यंत्राविषयी दोन शब्द, कारण अनेक अ‍ॅप "तुमच्या निबंधाला इतके गुण" असे सांगून भुरळ घालतात. निबंध कॉम्प्युटरने तपासता येतील ही कल्पना एलिस पेज यांनी १९६६ सालीच मांडली होती. निबंध किती लांब, शब्द किती मोठे, स्वल्पविराम किती, अशा मोजता येणाऱ्या गोष्टींवरून गुणांचा अंदाज बांधायचा. अंदाज पुष्कळदा परीक्षकांशी जुळतोही. मात्र २०१४ साली एमआयटीचे लेस पेरेलमन यांनी काही विद्यार्थ्यांच्या मदतीने एक खोडकर प्रोग्राम बनवला. त्याला दोन-तीन शब्द दिले की तो भारदस्त शब्दांनी भरलेला, पण संपूर्ण निरर्थक निबंध तयार करी, आणि गुण देणारी यंत्रे त्याला चांगले गुण देत. कपड्याची लांबी-रुंदी मोजणाऱ्याला पोत कळतोच असे नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि चित्र पालटले. हे तंत्र अफाट मजकुरावरून पुढे कोणता शब्द येण्याचा संभव आहे हे शिकलेले असते. 'माझी दुकान' ते बहुधा सुधारते, कारणही सांगते. इंग्रजीच्या मानाने मराठी मजकूर फार थोडा असल्याने मराठीत ते अधिक अडखळते. शिवाय माहिती नसली तरी ठामपणे काहीही लिहून देते, तेव्हा त्याने दिलेला कायद्याचा कलम-क्रमांक तपासल्याशिवाय अर्जात घालू नये. खरी धास्ती मात्र वेगळीच आहे. हे यंत्र पूर्ण निबंध लिहून देते.

त्याने नुकसान किती होते? तुर्कस्तानातील एका हायस्कुलात २०२३ साली सुमारे एक हजार विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला. विषय गणिताचा होता, तरी बोध आपल्या कामाचा आहे. एका गटाला असे यंत्र मोकळे दिले. सराव करताना त्यांची कामगिरी ४८ टक्क्यांनी वाढली. मग यंत्र काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा तीच मुले यंत्र कधीच न मिळालेल्या मुलांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. दुसऱ्या गटाचे यंत्र उत्तर न देता फक्त इशारे देई. त्या मुलांचे असे नुकसान जवळजवळ झाले नाही. यंत्र तेच, वापरायची रीत निराळी.

म्हणून मुलाने पहिला मसुदा स्वतःच लिहावा, यंत्र बंद ठेवून. नंतर यंत्राला "सुधारून दे" असे न म्हणता "कोणत्या ओळीत चूक आहे ते सांग, दुरुस्ती करू नकोस" असे सांगावे. दुरुस्ती मुलाने करावी आणि दोन्ही मसुदे ठेवावेत. याचा आणखी एक फायदा आहे. मजकूर यंत्राने लिहिला की माणसाने, हे ओळखण्याचा दावा करणारी साधने भरवशाची नाहीत; २०२३ सालच्या एका अभ्यासात इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेले निम्म्याहून अधिक निबंध त्यांनी यंत्राचे ठरवले होते. उद्या शाळेत शंका घेतली गेली तर कच्चा मसुदा हाच पुरावा.

सरावासाठी विषय दुकानातच आहेत. सुताच्या भावाची बातमी पाच ओळींत लिहायला लावा. ज्या वडिलांना लिहिता येत नाही, त्यांच्यासाठी बोलून टाइप करण्याची सोय उत्तम आहे. गूगलने ती मराठी व उर्दूसाठी २०१७ साली आणली. वडिलांनी तक्रार बोलावी, मोबाइलने ती उतरवावी आणि मुलाने विरामचिन्हे, लिंग, क्रम ठीक करून तिचे पत्र करावे. अशा एका पत्रात दहा निबंधांचा सराव होतो. मात्र बँक खाते, आधार, जीएसटी क्रमांक आणि गिऱ्हाइकांची नावे अशा यंत्रात घालू नयेत. त्या जागी फुल्या मारून शेवटी हाताने भरावेत.

खर्चाचे म्हणाल तर सुरुवातीला पैसे भरण्याची गरजच नाही. लिबर ऑफिस फुकट मिळते, गूगल डॉक्स फुकट आहे. मोबाइलच्या लहान पडद्यावर मसुदा वरखाली करणे जिकिरीचे पडते, तेव्हा दुकानातला जुना कॉम्प्युटर व धड कळफलक हेच पुरेसे. फक्त मराठी युनिकोडमध्येच टाइप करावी. छापखान्यांतून चालत आलेल्या जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी दिसली तरी आत इंग्रजी कळांची चिन्हे असतात. असा मजकूर कोणत्याही तपासणीला वाचता येत नाही. कळफलक शिकवायचा तर इनस्क्रिप्ट शिकवावा. त्यावर हात बसला की हिंदीही त्याच कळांवर टाइप करता येते.